कॉम्प्युटरचा आवाज जातो आणि परत येतो: पंखे बदलण्याआधी घड्याळ लावा

हे लिहायचं कारण म्हणजे मी स्वतः यात जवळपास वर्षभर गोल गोल फिरलोय. मशीन बनवलं होतं रेंडरिंगला (थ्रीडी सीनची चित्रं काढायला) आणि मोठे प्रोजेक्ट कंपाइल करायला, १६ कोरचा प्रोसेसर, साडेतीनशे वॅट खाणारं ग्राफिक्स कार्ड, किलोभर वजनाचा दोन टॉवरवाला एअर कूलर, आणि कॅबिनेट मुद्दाम ते आतून फोम लावलेलं सायलेंटवालं घेतलं कारण मशीन टेबलावरच, कानापासून हातभर अंतरावर राहणार होतं. पहिला आठवडा एकदम मजेत. चालू आहे की बंद हे लाइट बघून कळायचं. मग एक दिवस मोठा रेंडर लावला आणि थोड्या वेळाने मिक्सर चालू असल्यासारखा आवाज.

पंखे बदलले, आवाज गेला, चार दिवसांनी येरे माझ्या मागल्या. चिप आणि कूलरच्या मधली पेस्ट बदलली, आठवडाभर बरं वाटलं, परत तेच. मधे एकदा पंखे वाढवले तर आवाज वाढला आणि तापमान जिथल्या तिथे. म्हणजे दर वेळी काहीतरी केलं की थोडे दिवस बरं वाटायचं आणि मला वाटायचं सापडलं, पण सापडलेलं काहीच नसायचं, त्या दिवसांत काम हलकं असायचं एवढंच.

गडबड अशी होती की मी दर वेळी एकच प्रश्न विचारत होतो, किती तापलंय. आता ९० अंश म्हणजे ९० अंश, ते पेस्टमुळे आले की कॅबिनेटमुळे की बायॉसमधल्या (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांमधल्या) एका सेटिंगमुळे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कळतं ते वेळेवरून. चिप तापायला सेकंदसुद्धा लागत नाही, हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूला मिनिट-दोन मिनिटं लागतात, कॅबिनेटमधली हवा आणि तिच्यासोबत आतलं सगळं लोखंड तापायला १५-२० मिनिटं जातात, बंद खोली तापायला तास-दीड तास, आणि धूळ-पेस्टच्या भानगडींना महिने. त्यामुळे काम सुरू केल्यापासून आवाज किती वेळाने आला हे एकदा नीट मोजलं की अर्धं निदान तिथेच होतं.

तर आधी मोजायची तयारी. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो टाका, त्यात लॉगिंग आहे, दोन सेकंदांनी एक ओळ अशी फाइल बनते. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स आणि एक छोटी स्क्रिप्ट पुरते. प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसर किती वॅट घेतोय, कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट (त्याच्या चिपवरची सगळ्यात गरम जागा), कार्डाचे वॅट, आणि सगळ्या पंख्यांचे आरपीएम (मिनिटाचे फेरे), एवढं पुरे. लोड, म्हणजे मशीनला दिलेलं काम, दर वेळी तेच ठेवा, ब्लेंडरचा एकच सीन किंवा सिनेबेंचचा अर्ध्या तासाचा रन, आज गेम आणि उद्या प्राइम९५ असं केलंत तर तुलना करायला काही उरत नाही. आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा, प्लीज. खोली १० अंशांनी गरम असेल तर आतलं सगळं साधारण तेवढंच वर जातं, आणि मग माणूस एका थंड दिवशी पेस्ट बदलून 'बघा ८ अंशांचा फरक पडला' म्हणत बसतो. मी बसलोय.

आता एकेक.

काही न करता भुर्रकन आवाज येतो आणि जातो

ब्राउझर उघडला, फाइल सेव्ह केली, की पंखा भुर्रर्र करून वर आणि पाच सेकंदांत परत खाली. हे ऐकून लोक कूलर बदलतात. कूलरचा यात काहीही दोष नसतो. आजकालच्या प्रोसेसरमध्ये कोर इतक्या छोट्या तुकड्यावर बसवलेले असतात की एक कोर जोरात पळाला की तापमान क्षणात ४५ वरून ७० वर जातं, आणि मदरबोर्ड बिचारा तो आकडा बघून पंख्याला पळवतो. पण हीटसिंकला अजून पत्ताही नसतो. हिशोब करून बघा ना, किलोभराचा ॲल्युमिनियम आणि तांब्याचा कूलर एक अंश तापायला साधारण ८०० ज्यूल लागतात, म्हणजे जास्तीचे १०० वॅट आले तरी त्याला एक अंश चढायला ८ सेकंद. पाच सेकंदांच्या उसळीसाठी पंखा पळवून काय थंड करणार? जे तापलेलंच नाही ते?

यावर उपाय फुकट आहे. बायॉसमध्ये फॅनच्या पानावर स्टेप अप टाइम, स्टेप डाउन टाइम, स्मूदिंग, डिले असं काहीतरी नाव असतं, प्रत्येक बोर्डाची भाषा वेगळी, पण अर्थ एकच की तापमान इतके सेकंद वर राहिलं तरच वेग बदल. तो वाढवा. मी वर जायला ६ सेकंद आणि खाली यायला १२ ठेवलेत. सोबत कर्व्ह (किती तापमानाला पंखा किती वेगात, ती रेघ) ६५ अंशांपर्यंत सपाट ठेवा, एकदम सरळ रेघ. लोकांना ४० ला ३० टक्के, ५० ला ४० टक्के असा जिना काढायची हौस असते, आणि मग दिवसभर पंखा त्या जिन्यावर वर-खाली करत राहतो. खरं सांगायचं तर कानाला स्थिर आवाज खुपत नाही, बदलणारा खुपतो. ९०० आरपीएमवर दिवसभर चालणारा पंखा मी विसरून जातो, ६०० वरून ८०० वर दर मिनिटाला उडी मारणारा डोकं खातो.

फुल लोड लावला आणि पहिल्या दोन सेकंदांतच ९५

इथे दोन शक्यता, आणि त्या वेगळ्या करायला वॅटचा आकडा बघावा लागतो.

वॅट भरपूर असतील, समजा २०० च्या वर, तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं, प्रोसेसर तसा वागायलाच बनवलाय. २०२२ मध्ये आलेला रायझन ७९५०एक्स घ्या, त्याच्यावर १७० वॅट लिहिलंय पण सॉकेटमधून (बोर्डावर तो जिथे बसतो तिथून) तो २३० पर्यंत घेतो आणि ९५ अंशांना टेकेपर्यंत वेग वाढवत राहतो. तुम्ही भारी कूलर लावला तर तो थंड राहत नाही, आणखी थोडा वेगाने पळतो आणि परत ९५ ला जाऊन बसतो. इंटेलच्या बाजूला १३९००के ची मर्यादा २५३ वॅट, पण २०२४ पर्यंत कित्येक बोर्ड ही मर्यादा डिफॉल्टमध्येच उठवून ठेवायचे, बायॉसमध्ये ४०९५ असा आकडा दिसला तर समजायचं लगाम काढून ठेवलाय. अशा वेळी पंख्यांशी भांडून उपयोग नाही. वॅट कमी करा. रायझनला इको मोडमध्ये १०५ निवडलं की सॉकेटची मर्यादा १४२ वर येते, ६५ निवडलं तर ८८ वर. शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी हे प्रोसेसर वेड्यासारखी वीज खातात, तो शेवटचा तुकडा सोडून दिला की रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो आणि उष्णता मात्र धाडकन खाली येते. शांत मशीन पाहिजे असेल तर माझ्या मते सगळ्यात पहिलं काम हे, पंखे, पेस्ट, फोम सगळं नंतर. वर्षभर मी हे टाळलं कारण वाटायचं पूर्ण पैसे मोजलेत तर पूर्ण वेग पाहिजे. मूर्खपणा.

दुसरी शक्यता म्हणजे वॅट कमी, १०० च्या आसपास, आणि तरी दोन सेकंदांत ९५. हे मात्र टेकण्याचं दुखणं. कूलर चिपवर नीट बसलेला नाही. प्रत्येक कोरचं तापमान वेगवेगळं बघा, एका बाजूचे कोर १५ अंशांनी जास्त तापत असतील तर एका बाजूचा स्क्रू कमी आवळलाय. माझ्याकडे तिसऱ्यांदा पेस्ट बदलल्यावर हेच झालं होतं, एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलो, त्यामुळे कूलर तिरका बसला आणि पेस्टचा डाग काढून बघितला तर एका कडेला जाड पांढरट थर आणि दुसरीकडे जवळजवळ काहीच नाही. दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा फिरवत न्यायचे, सगळ्यांना माहीत असतं, घाईत कोणी करत नाही. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर तर दाबाने प्रोसेसरचं झाकण थोडं वाकतं, म्हणून त्यासाठी वेगळ्या कॉन्टॅक्ट फ्रेम मिळतात.

दर दोन-तीन मिनिटांनी एक झटका, घड्याळासारखा

हलकं काम चाललंय, मशीन शांत, आणि ठरावीक वेळाने कुठून तरी व्हुप्प असा आवाज, अर्ध्या मिनिटात बंद, परत शांत. लॉगमध्ये कार्डाच्या तापमानाची रेघ बघितलीत तर करवतीच्या दातांसारखी दिसेल, ५० ते ६०, ५० ते ६०. हा झिरो आरपीएम मोड. कार्ड ठरावीक तापमानापर्यंत पंखे पूर्ण बंद ठेवतं, मग सुरू करतं, थंड झालं की परत बंद. थांबलेला पंखा सुरू करायला सुरुवातीला जोराचा धक्का द्यावा लागतो, तो तुम्हाला ऐकू येतो. दोन मॉनिटर लावलेत किंवा व्हिडिओ चालू आहे आणि कार्ड नेमकं त्या उंबरठ्यावर येऊन रेंगाळतंय, असं झालं की दिवसभर ही उघडझाप.

यात गंमत अशी की 'शांत' म्हणून दिलेलं फीचर आवाज करतंय. मी ते बंदच केलं, कार्डाचे पंखे ३० टक्क्यांवर कायम फिरतात, ऐकूच येत नाहीत. तुम्हाला बंदच ठेवायचे असतील तर सुरू व्हायचं आणि थांबायचं तापमान यात भरपूर अंतर ठेवा, ६० ला सुरू आणि ४५ ला बंद असं काहीतरी, किंवा कॅबिनेटचे समोरचे पंखे ५००-६०० वर सतत चालू द्या म्हणजे कार्ड उंबरठ्यापर्यंत येणारच नाही. एसएमपीएसमध्येही (मशीनला वीज देणाऱ्या डब्यात) हाच मोड असतो, काहींना मागे बटण दिलेलं असतं. कार्डाचा आरपीएम बदलत नाही आणि तरी झटका येतोय तर तिकडे बघा.

विसाव्या मिनिटाला सुरू होतो

माझं खरं दुखणं हे होतं आणि मला वाटतं बहुतेकांचं हेच असतं. पहिली पाच मिनिटं छान, दहा मिनिटं ठीक, आणि १५ ते २० च्या मधे आवाज चढायला लागतो आणि मग उतरतच नाही. छोटे बेंचमार्क लावून टेस्ट केलीत तर हे दिसतच नाही, तीन मिनिटांत बेंचमार्क संपतो आणि आपण खूश.

ज्या रात्री मला हे कळलं तेव्हा रेंडर चालू होता, कार्ड ८३ वर, पंखे १९०० च्या वर, आणि मी वैतागून कॅबिनेटची बाजूची प्लेट काढली. प्लेट चालू रेंडरमध्येच काढली, आतमध्ये हात घातला नाही, नुसती सरकवून बाजूला घेतली. प्लेट चांगली जड, आतून बोटभर फोम. अपेक्षा ही की आता आवाज आणखी वाढणार, फोमच काढला ना. आणि सुरुवातीला वाढलाही. मग तिथेच प्लेट हातात धरून स्क्रीनकडे बघत उभा राहिलो तर आकडा ८२, ८०, ७९ असा उतरत चार मिनिटांत ७५, पंखे १४०० ला, आणि उघडं मशीन बंद मशीनपेक्षा शांत. म्हणजे आवाज कोंडायला लावलेल्या फोमने हवाच कोंडली होती, त्यामुळे पंखे पळत होते, आणि पळणाऱ्या पंख्यांचा आवाज कोंडायला परत फोम. वाह.

ही टेस्ट फुकट आहे, सगळ्यात आधी करा. २५ मिनिटं लोड द्या, मग प्लेट काढा. तापमान ५ अंशांपेक्षा जास्त उतरलं तर दोष हवेच्या येण्याजाण्याचा. एक-दोन अंशच हललं तर कॅबिनेट ठीक आहे, कूलर किंवा पेस्ट किंवा वॅट बघा.

हवा किती लागते याचा पण हिशोब आहे आणि तो सोपा आहे. मशीनने घेतलेली वीज शेवटी सगळी उष्णताच होते, ५०० वॅट घेतले तर ५०० वॅट बाहेर काढायचेत. बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंश गरम असू दे असं ठरवलं तर मिनिटाला साधारण ८८ घनफूट हवा खेळायला पाहिजे. ५ अंशच गरम पाहिजे तर दुप्पट, १७६. आता १४० मिलिमीटरच्या पंख्याच्या खोक्यावर ७० सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलेलं असतं, पण ते पूर्ण वेगात आणि समोर काही अडथळा नसताना. अर्ध्या वेगात ३५, आणि पुढे जाळी, फिल्टर, फोमचा दरवाजा आला की त्याहून कमी. माझ्याकडे समोर दोन पंखे आणि त्यांच्यापुढे बंद दरवाजा ज्याच्या कडेला बोटाएवढी फट. टिश्यू पेपरची पट्टी त्या फटीजवळ धरली तर जेमतेम हलत होती. दरवाजा उघडला तर सप्पकन जाळीला चिकटली.

आणि याच्यावर कळस म्हणजे कॅबिनेटचे पंखे कोणाचं ऐकत होते? प्रोसेसरचं. बोर्डाचं डिफॉल्टच तसं असतं. ग्राफिक्स कार्डावर रेंडर चाललाय, कार्ड साडेतीनशे वॅट ओकतंय, प्रोसेसर ५० वर निवांत, म्हणून समोरचे पंखे पण निवांत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मग कॅबिनेट गच्च तापतं, ती गरम हवा प्रोसेसरच्या कूलरमध्ये जाते, कार्डाचे छोटे पंखे एकटेच जीव तोडून पळतात, आणि छोटा पंखा पळाला की आवाज जास्त आणि चिरका.

उपाय असा केला. समोरचा दरवाजा काढून जाळीचं पॅनल लावलं. समोर १४० चे तीन पंखे, मागे एक. विंडोजवर फॅनकंट्रोल नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आहे त्यात मिक्स नावाचा कर्व्ह मिळतो, प्रोसेसर आणि कार्ड यातलं जे जास्त मागेल ते घे असं सांगता येतं, लिनक्सवर कूलरकंट्रोल तेच काम करतं. सॉफ्टवेअरवर भरवसा नसेल तर काही बोर्डांवर दोन पिनांचं सेन्सर हेडर (वायर खोचायची जागा) असतं, त्याला तापमानाची छोटी वायर लावून ती कार्डाच्या मागे चिकटवायची आणि पंख्यांना बायॉसमधून त्या वायरवर टाकायचं, मग विंडोज असो नसो.

पंखे वाढवून आवाज कसा काय कमी होतो हा प्रश्न येतोच, कारण आधी मी वाढवले होते तेव्हा आवाज वाढला होता. फरक असा की तेव्हा वेग तोच ठेवला होता आणि हवा दरवाजात अडत होती. एकाच्या जागी दोन सारखे पंखे लावले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. पण पंख्याचा वेग अर्धा केला तर साधारण १५ डेसिबलने उतरतो, नुसता २० टक्के कमी केला तरी ५ ने. म्हणजे दोन पंखे अर्ध्या वेगात लावले तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज डझनभर डेसिबलने खाली. जास्त पंखे, मोठे पंखे, आणि सगळे हळू.

ज्यांच्याकडे लिक्विड कूलर आहे त्यांना पण हे विसाव्या मिनिटाचं दुखणं होतं, कारण आतलं पाणी तापायला वेळ घेतं. रेडिएटरच्या पंख्यांना शक्य असेल तर पाण्याच्या तापमानावर टाका, प्रोसेसरच्या नको, मग भुर्रकन उड्या पण बंद. पंप एका वेगावर स्थिर ठेवा. आणि गुळगुळ, खळखळ आवाज येत असेल तर आतली हवा पंपात येतेय, पंप सगळ्या लूपमध्ये सर्वात वर असता कामा नये, रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा वर पाहिजे.

सगळं मस्त चालतं पण तास-दीड तासाने परत चढतं असं असेल तर कॅबिनेटला सोडा, खोली बंद आहे. ५०० वॅट म्हणजे छोटा हीटर आहे तो. दार उघडा.

लोडशी काही संबंध नाही, आवाज येतो-जातो-येतो-जातो

हे सापडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. नवे तीन पंखे लावल्यावर सगळं थंड, आरपीएम स्थिर, आणि तरी रात्री ऊंऽऽ... ऊंऽऽ... ऊंऽऽ असा घुमणारा आवाज, साधारण सेकंदाला एक हेलकावा. बेअरिंग गेलं वाटून एक पंखा बदलला. तरी तेच.

झालं असं होतं की तिन्ही पंखे एकाच कर्व्हवर, पण एकाच सिग्नलवर दोन पंखे कधीच अगदी सारखे फिरत नाहीत. एक १२०० आरपीएमवर, दुसरा १२१० वर. सात पात्यांचा पंखा १२०० वर फिरला की सेकंदाला २० फेरे गुणिले ७, म्हणजे १४० हर्ट्झचा सूर. दुसऱ्याचा १४१ च्या थोडा वर. हे दोन सूर एकमेकांत मिसळले की त्यांच्या फरकाएवढे हेलकावे ऐकू येतात, इथे सेकंदाला एकापेक्षा जरासा जास्त. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्यात पण पूर्ण जुळल्या नाहीत की जे होतं तेच हे. तिथे तारा जुळवतात, इथे उलट करायचं, मुद्दाम बिघडवायचं. एक पंखा दुसऱ्यापासून ८०-१०० आरपीएमने दूर नेला की हेलकावे इतके जलद होतात की घुमणं म्हणून जाणवत नाही. वेगवेगळ्या हेडरवर लावून तीन वेगळे आकडे दिले, दोन मिनिटांचं काम. तो बदललेला चांगला पंखा अजून ड्रॉवरमध्ये आहे.

कुठला पंखा हे शोधायला बोट घालू नका, मशीन बंद करून एकेक पिन काढा आणि चालू करून ऐका, प्रोसेसरचा सोडून. किंवा पुठ्ठ्याची नळी कानाला लावून फिरवा, हसू येतं पण चालतं. एका ठरावीक आरपीएमलाच कॅबिनेटचा पत्रा गुणगुणत असेल तर तो वेग कर्व्हमध्ये टाळून वरून किंवा खालून जा.

आणि चिरका, किटकिट करणारा, माउस हलवला की बदलणारा आवाज हा पंख्यांचा नाहीच, ती कॉइल व्हाइन. कार्डावरच्या किंवा एसएमपीएसमधल्या कॉइली विजेच्या चढउताराने थरथरतात. तो लोड लागताक्षणी येतो आणि लोड काढताक्षणी जातो, तापमानाशी संबंध नाही. फ्रेमला मर्यादा घातली किंवा वॅट कमी केले की बराच उतरतो, पूर्ण जाईलच असं नाही.

एकदा बरं केलेलं काही दिवसांनी किंवा महिन्यांनी परत आलं

इथे आधी हार्डवेअर उघडू नका. बायॉस अपडेट केलं होतं का? केलं असेल तर बहुतेक तुमचे सगळे कर्व्ह, इको मोड, वॅटची मर्यादा, सगळं उडालंय आणि डिफॉल्ट आलंय. माझ्याकडे दोनदा झालं, आणि दुसऱ्यांदा मी पेस्ट बदलून मोकळा झालो, मग लक्षात आलं. तीन पिनचा पंखा असेल तर अपडेटनंतर तो कायम फुल वेगात पळतो, कारण हेडर पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनच्या सिग्नलने वेग ठरवणं) गेलं आणि तीन पिनवाल्याला तो सिग्नल कळतच नाही, त्याला डीसीवर (व्होल्टेजने वेग ठरवणं) टाकावं लागतं. लिनक्सवर एनव्हिडिया-एसएमआय या कमांडने कार्डाचे वॅट कमी केले असतील तर रीबूटनंतर ते परत मूळ जागी जातात, सुरू होताना चालणारी छोटी सर्व्हिस लिहून ठेवा. बायॉसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, यापेक्षा चांगला बॅकअप मला अजून सापडलेला नाही.

हे सगळं ठीक असेल तर मग धूळ आणि पेस्ट. धुळीची चाल अशी की विसाव्या मिनिटाचं दुखणं हळूहळू पंधराव्यावर येतं, मग बाराव्यावर. पेस्टची चाल वेगळी, कार्डाचं तापमान तेच राहतं पण हॉटस्पॉट वर सरकत जातो. सुरुवातीला दोन्हींत १०-१५ अंशांचा फरक असेल आणि वर्षा-दीड वर्षाने २५-३० झाला तर पेस्ट मधून बाहेर ढकलली गेलीय, गरम-थंड गरम-थंड होताना चिप आणि धातू कमीजास्त फुगतात आणि मऊ पेस्ट हळूहळू कडेला जाते. पातळ पेस्टला हे जास्त होतं. म्हणून उघड्या चिपवर (वर झाकण नसलेल्या, जशी कार्डाची) आता मी पीटीएम७९५० ची फेज चेंज शीट लावतो, ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते. लावताना गार असली की सोपी जाते, नाहीतर प्लास्टिकच्या कव्हरसोबत उचलून येते, थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून लावा. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरा, हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरवायला मजा येते पण बेअरिंगची वाट लागते.

आत्ता माझ्याकडे प्रोसेसर १४२ वॅटवर, कार्ड ३५० वरून २८० वर आणलंय, समोरचे तीन पंखे ७२०, ८०० आणि ८८० वर, मागचा ७००, प्रोसेसरचा ६५ अंशांपर्यंत ६०० वर सरळ. दीड तासाच्या रेंडरला कार्ड ७१, प्रोसेसर ७८. फोमची प्लेट आहे तशीच लावलीय, ती तिच्या जागी ठीक आहे, वाट दरवाजाने लावली होती. मोजायचं झालं तर रेंडरला आधीपेक्षा थोडी मिनिटं जास्त लागतात आणि तेवढ्या वेळात मला त्याच टेबलावर बसून फोनवर बोलता येतं.

फक्त आता मशीन गप्प झाल्यापासून टेबलाखालच्या यूपीएसचा पंखा ऐकू यायला लागलाय. इतके दिवस तो पण चालूच होता म्हणे. त्याला ना कर्व्ह, ना हेडर, ना बायॉस.